एक लाख तीन

दहाव्या डब्याचं झाकण उघडलं आणि वरच तीन वाती सुट्या दिसल्या.

माझ्या घरी वात सुटी राहत नसे. शंभर झाल्या की मी स्वतः जुडी बांधायची, दोऱ्याचे दोन वेढे आणि एक गाठ, आणि बरणीत एक चिंचोका टाकायची. हजार चिंचोके झाले की लाख झाला. दुसरीतून शाळा सुटलेल्या बाईला याहून जास्त गणित लागत नाही. याहून कमी गणित येणाऱ्या शिकलेल्या बाया मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

"जुडी उसवली असंन एखादी," द्वारका म्हणाली. म्हणाली म्हणजे, चाखली.

द्वारका माझी धाकटी जाऊ. सहा वर्षांपूर्वी तिनं लक्षवातीचं उद्यापन केलं, तेव्हा तिच्या लाखात नऊ वाती कमी निघाल्या. ती गोष्ट मी अकोटपासून अंजनगावपर्यंत पोचवली होती. आज कबूल करते. तेव्हा कोणी विचारलं असतं तर म्हणाले असते, गोष्ट आपल्या पायांनी गेली.

मी सगळ्या जुड्या चाचपल्या. एकीचाही दोरा ढिला नव्हता.

हे एक्क्याऐंशी सालचं. कार्तिकातली द्वादशी. सकाळीच मुळे महाराज येऊन दहाही डब्यांवर हळदकुंकू वाहून संकल्प सोडून गेले होते. पौर्णिमेच्या संध्याकाळी महादेवापुढे लाख वाती जळायच्या होत्या. दोन वर्षं आणि वर एक चातुर्मास मी त्या वळल्या होत्या, परसातल्या देवकापसाच्या. सरकी हातानं काढायची, कापूस पिंजायचा, मांडीवर फिरवायचा. माझ्या उजव्या मांडीला तिथं आजही हात लावला तर कातडं गुळगुळीत लागतं.

दुपारी डबे उघडून वाती तुपात घालायच्या, म्हणून बाया जमल्या होत्या. मी, द्वारका, शेजारच्या तिघी आणि कुंदा.

कुंदा माझी सून, दिवाकरची बायको. माहेर अमरावतीचं. गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, लग्नाआधी दोन वर्षं शाळेत शिकवायची. लग्न ठरलं तेव्हा मी सांगितलं होतं, आमच्याकडे सुना पगार आणत नाहीत. ती काही बोलली नाही. ती बोलत नसे. हाच तिचा गुण होता आणि हाच मला तिचा उर्मटपणा वाटायचा.

"कुठंतरी तीन कमी असतील," मी म्हटलं. "म्हणजे कोण्या जुडीत सत्त्याण्णव बांधल्या गेल्या. मोजा."

"काय मोजा?" द्वारका म्हणाली.

"लाख."

शेजारणी एकमेकींकडे पाहू लागल्या. एकीला तेवढ्यात घरी दूध उतू जात असल्याचं आठवलं. पण मी उंबऱ्यापाशी पाट टाकून बसले होते, आणि मी बसलेली असताना माझ्या घरातून उठून जाणारी बाई अजून जन्मायची होती.

त्या दिवशीची दुपार आणि दुसऱ्या दिवशीची सगळी दुपार, पाच जणींनी जुड्या सोडल्या, मोजल्या, परत बांधल्या. एकेकीकडे दोन डबे. मी मधोमध चिंचोक्यांची बरणी घेऊन. जुडी मोजून झाली की एक चिंचोका बरणीतून परातीत.

त्रयोदशीला चार वाजता बरणी रिकामी झाली. परातीत हजार चिंचोके. हजार जुड्या, आणि जुडीला शंभर, एक कमी नाही. आणि त्या तीन वाती पितळेच्या वाटीत तशाच.

"म्हणजे एक लाख तीन," कुंदा म्हणाली. ती चुलीपाशी तूप कढवत होती.

द्वारकेनं हात झटकले. सहा वर्षं ती या घटकेची वाट पाहत होती.

"माह्या लाखात नऊ कमी होत्या तं तुमी सात गावं सांगत फिरल्या, जाऊबाई," ती म्हणाली. "तुमच्या लाखाले तं पिल्लं झाली. तीन."

शेजारणी हसल्या. दोन दिवस मान मोडून मोजल्यावर माणूस कशालाही हसतं. कुंदाच्या हातातला झारा तुपाच्या पातेल्यात पडला आणि तूप तिच्या मनगटावर उडालं. तिनं पदरानं पुसलं. तोंडातून आवाज काढला नाही.

इथं एक सांगायला पाहिजे. कुंदाला चार वर्षांत तीनदा दिवस राहिले आणि तीनदा गेले. तिसऱ्या वेळी सातवा सरत आला होता. तान्हाबाई सुईण आमच्या घरची, दोन पिढ्यांची बाळंतपणं तिनं केलेली. तिनं जे काय परसात नेऊन करायचं ते केलं. मी मोरी धुतली, कुंदाला तूपगूळ दिला आणि म्हटलं, "याचं सुतक नसते अन् याचं रडणंही नसते. ज्याचं नाव ठेवलं नाही, ते गेलं असं म्हणत नाहीत." माझ्या सासूचे शब्द होते ते. मी जसेच्या तसे दिले.

कुंदा तेव्हाही काही बोलली नव्हती.

तर द्वारकेचं ते बोलणं कुंदाला लागलं, हे मला दिसलं. पण माझं चित्त माझ्या लाखात होतं.

मुळे महाराजांना बोलावणं धाडलं. ते दुसऱ्या घरचं उद्यापन अर्धं टाकून आले, म्हणून घाईत होते. वाटीकडे पाहून म्हणाले, "तीन काढून टाकल्या असत्या, पण संकल्प झाला. संकल्पातली वात बाहेर काढता येत नाही, आई."

"मग?"

"जाळा सगळ्याच. जास्तीचं देवाला वावडं नाही. पण तुमच्या घरची रीत पाच ताटांची. पाच सुवासिनी, पाचांच्या ताटात सारख्या वाती. ते कसं जमवता ते पाहा. एकीला कमी, एकीला जास्त असं नको. अन् उरलीसुरली तर अजिबात नको."

"पाचांत तीन उरतात," कुंदा चुलीपासून म्हणाली.

"तर मग ताटं वाढवा. सात करा, नऊ करा, अकरा करा. विषम असली अन् सारखी असली म्हणजे झालं." आणि ते चपला घालून गेलेसुद्धा.

मी म्हटलं, सात तर सात. सुवासिनींचा का दुष्काळ आहे.

"सातांत एक उरते," कुंदा म्हणाली.

"नऊ?"

"चार."

"अकरा?"

"दोन."

ती तुपाकडे पाहतच सांगत होती. बोटं मोजणं नाही, ओठ हलवणं नाही.

"तेरा?"

"सात उरतात, आई."

"एकवीस कर मग. एकवीस बाया मी गोळा करते."

"एकविसांत एक."

"एकावन्न," द्वारका मध्येच म्हणाली. तिला मजा वाटू लागली होती.

"त्रेचाळीस उरतात, काकू."

"हे काय लावलं?" मी म्हटलं. "कोण्यातरी आकड्यात बसंलच ना. एवढा मोठा लाखाच्या वरचा आकडा, त्याले फुटायले काय होते?"

तेव्हा कुंदानं पातेलं उतरवलं, हात धुतले आणि येऊन माझ्यासमोर बसली. चार वर्षांत ती माझ्यासमोर अशी कधी बसली नव्हती. मांडी घालून, सरळ डोळ्यांत बघत. शाळेत ती अशीच बसत असेल.

"हा फुटत नाही, आई," ती म्हणाली. "लाख फुटतो. लाख फार मऊ आकडा. त्याला छत्तीस आकड्यांनी भाग जातो. दोन या, चार या, पाच या, आठ या, सोळा या, कोणीही यावं आणि सारखे वाटे करून घेऊन जावं. काही उरत नाही. पण त्यात तीन मिळवले की तो बंद होतो. एक लाख तीनला कोणी भागत नाही. एक, नाहीतर तो स्वतः. शाळेत आम्ही त्याला मूळ संख्या म्हणतो. सहा आकडी संख्यांमधली ही पहिलीच. हिच्या आधी सहा आकड्यांत अशी एकही नाही."

"अन् हजार ताटं केली तं?"

"मोठी ताटं तपासायची गरजच पडत नाही. एक हजार ताटांत सारख्या बसल्या असत्या, तर एकेका ताटात शंभरच्या आसपास आल्या असत्या. मग शंभरच्या आसपासच्या ताटांतही बसल्या असत्या. मोठ्या आकड्याचा जोडीदार नेहमी लहान असतो. लहान सगळे तपासले की झालं. तीनशे तेरापर्यंतच जावं लागतं."

मला त्यातलं निम्मं समजलं. पण शेजारणी ऐकत होत्या, तोंड उघडं टाकून. माझ्या घरात, माझ्या उद्यापनाला, माझ्या सुनेचं. आणि मला खरं सांगायचं तर क्षणभर तिचा अभिमान वाटला. तो मी लगेच गिळला. अशा गोष्टी मला चांगल्या गिळता यायच्या.

"हट्टी आहे मंग तुहा आकडा," मी म्हटलं. "घरात कोणाकोणाच्या संगतीनं राहिला, कोण जाणे."

कुंदा हसली. खरंच हसली. मला वाटतं, तिथं सगळं वळू शकलं असतं.

पण द्वारका गप्प बसणारी नव्हती. "एक सांग वं कुंदा," ती म्हणाली, "हे तीनशे तेरापर्यंत तू आता चुलीपाशी तूप ढवळता ढवळता तपासलं?"

कुंदाचं हसू गेलं.

"नाही, काकू."

"मंग केव्हा? एक लाख तीन हायेत हे तं आपल्याले आत्ता चार वाजता समजलं."

मी कुंदाकडे पाहिलं. ती वाटीतल्या तीन वातींकडे बघत होती.

"तूच घातल्या," मी म्हटलं.

"हो, आई."

"केव्हा?"

"एकेक करून. दहावा डबा भरत होता तेव्हा. तुम्ही जुड्या बांधून ठेवायच्या, मी वर ठेवत गेले. जुडीत घातल्या नाहीत. तुमच्या शंभरांना हात लावला नाही."

"काहून?"

ती मनगटावरचं भाजलेलं चोळू लागली.

"मी विचारते, काहून? मस्करी वाटली तुले? दोन वर्षं मी मांडी झिजवली, मोजून मापून लाख केला. अन् तू त्यात तीन टाकते, अन् दोन दिवस चार बाया मोजतात ते गुपचूप पाहते?"

"मला वाटलं होतं कोणी पाहणार नाही. वरच्यावर तुपात जातील. जळतील सगळ्यांबरोबर." आवाज खाली गेला होता. "असू द्या ना, आई. जास्तच आहेत. कोणाच्या कमी नाही केल्या."

"असू कशा देऊ? ताटं कशी करू?"

कुंदानं वर पाहिलं. माझ्या गुडघ्यापाशी देवकापसाची टोपली होती, उरलेल्या कापसाची. तिनं ती बोटानं माझ्याकडे सरकवली. हळू. वीतभरसुद्धा नाही.

"दोन तुम्ही घाला, आई," ती म्हणाली. "तुमच्या दोन. मग पाचांत बसतं."

"दोनच काहून?" द्वारका म्हणाली. "अन् यांनीच काहून? मी वळतो की दोन, त्यात काय लागते."

कुंदानं द्वारकेकडे पाहिलंही नाही. ती माझ्याकडेच बघत होती.

मला वाटलं ही मला गणित शिकवते. चार बायांसमोर, माझ्याच घरात, दुसरी शिकलेल्या सासूला. तुमचा लाख चुकला तर चुकला, आता मी सांगते तसं करा. असंच मला वाटलं. गेली तेहतीस वर्षं विचारणाऱ्याला मी हेच सांगत आले.

"पोटातलं एक ठेवता आलं नाही तुले," मी म्हटलं, "अन् मले उरल्याचा हिशेब शिकवते?"

द्वारकेनं पदर तोंडाला लावला, आणि त्या बाईला मी त्याआधी किंवा त्यानंतर कधी लाजलेली पाहिली नाही.

मी उठले. वाटी उचलली. चुलीत निखारे होते. तीन वाती त्यावर टाकल्या, कोरड्याच, तुपाचं बोटही नाही. सुका कापूस. जळायला कितीसा वेळ लागतो.

"संकल्पाची वात, जाऊबाई," द्वारका दबल्या आवाजात म्हणाली.

"पाप माह्या डोक्यावर," मी म्हटलं. "लाख म्हणजे लाख."

कुंदा बसल्या जागेवरून बघत होती. मग उठली, तुपाचं पातेलं फडक्यानं धरून मधोमध आणून ठेवलं आणि म्हणाली, "झालं. आता फुटेल. पाचांत फुटेल, आठांत फुटेल, सोळांत फुटेल." पहिला डबा तिनंच जवळ ओढला.

पौर्णिमेला पाच ताटं झाली. वीस हजार, वीस हजार, वीस हजार, वीस हजार, वीस हजार. एक उरली नाही, एक कमी पडली नाही. पहिलं ताट सुनेचं म्हणून कुंदानं नेलं. महादेवाच्या पटांगणात उजेड असा पडला की समोरच्या जिनिंगच्या भिंतीवर आमच्या सावल्या हलताना दिसत होत्या. लोक म्हणाले, निंभोरकरांच्या यमुनाबाईंचा लाख चोख. मला तेच ऐकायचं होतं. ऐकलं.

चैत्रात कुंदाला अमरावतीच्या शाळेत नोकरी लागली. अर्ज केव्हा केला, मला माहीत नाही. दिवाकर इथल्या जिनिंगमध्ये कापसाची प्रत पाहायचा. त्यानं तिकडे बदली मागून घेतली. निघताना कुंदा पाया पडली. मी म्हटलं, "शाळेतल्या पोरायले चांगलं शिकवजो." ती म्हणाली, "हो, आई."

त्यानंतर दोन वर्षांनी त्यांना मुलगी झाली. बारशाचं बोलावणं मला इतर पाहुण्यांबरोबरच आलं, छापील पत्रिकेतून. मी गेले. सोन्याचे मणी नेले. कुंदानं मुलगी माझ्या मांडीवर दिली. जिथं वाती वळून कातडं गुळगुळीत झालं होतं, त्याच मांडीवर. आणि लगेच उचलूनही घेतली, दुधाची वेळ झाली म्हणून.

मी सांगते, त्या बाईनं मला एकदाही उलट उत्तर दिलं नाही. दिवाळीला येत, "आई, बसा", "आई, चहा", "आई, गोळी घेतली का". चार दिवस राहत, पाचव्या दिवशी जात. ती भांडली असती तर मला माझ्या बाजूचं बोलता आलं असतं. माझ्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं. तिनं संधीच दिली नाही.

मी परत वाती वळल्या नाहीत. दहाही डबे माळ्यावर गेले. पुढे एकेक करून कामाला आले. एकात गहू, एकात पापड, दोन द्वारकेनं नेले. द्वारका गेली त्याला आता नऊ वर्षं झाली. दहावा डबा मात्र मी कधी खाली काढला नाही. का म्हणून विचाराल तर हात पोचत नव्हता म्हणेन.

या आश्विनात घराला रंग द्यायचा म्हणून माणसांनी माळा रिकामा केला. रंगाऱ्यानं तो डबा माझ्यापुढे आणून ठेवला. म्हणाला, "आजी, यात काहीतरी वाजतं." मी अठ्ठ्याऐंशीची. झाकण गंजलेलं. त्यानंच विळ्यानं उचकटून दिलं.

आत एक वही होती. शाळेची, शंभर पानी, पुठ्ठ्याला झुरळांनी कातरलेली. आणि एक चिंचोका.

मी चष्मा लावला. आकडे मला वाचता येतात. पानापानांवर भागाकार. वर एक लाख तीन, डाव्या हाताला दोन. उरला एक. मग तीन. उरला एक. मग पाच, सात, अकरा, तेरा. एकेका पानावर एक भागाकार, सावकाश, रेघा पट्टीनं मारलेल्या, आणि खाली जे उरलं त्याला चौकट. मी पानं मोजली. पासष्ट. शेवटच्या पानावर डाव्या हाताला तीनशे तेरा होते आणि खाली चौकटीत एकशे छप्पन्न.

दुपारी मी निजायची तेव्हा ती बसत असेल. एखादी बाई बारशाच्या कुंच्याला टाके घालते तशी.

मग मी वही उलटली. मागच्या पानावर बेरीज होती.

१,००,००० + १ + १ + १.

तीन असं लिहिलं नव्हतं. सुटे सुटे तीन एक. आणि प्रत्येक एकाखाली बारीक अक्षरात तिथी. आषाढ वद्य चतुर्थी. माघ शुद्ध दशमी. चैत्र वद्य द्वितीया. तिन्ही मला पाठ होत्या. त्या तिन्ही दिवशी मोरी मीच धुतली होती.

हे इतकं काही मला नवीन नव्हतं. तीन वाती कोणाच्या, हे मला कधीतरी कळलं होतं. चुलीत टाकल्यावर केव्हातरी. माणसाला उशिरा कळतं, पण कळतं. मी वही मिटणार होते.

त्याच्या खाली आणखी एक ओळ होती.

१,००,००३ + १ + १.

या दोन एकांखाली तिथी नव्हत्या. एका एकाखाली "श्रावण" लिहिलं होतं. दुसऱ्याखाली "पौष, पाचवा महिना". आणि दोन्हींच्या बाजूला कंस करून, "आईंचे. तान्हाबाईनं सांगितलं".

त्याखाली भागाकार. डाव्या हाताला पाच. उत्तर वीस हजार एक. खाली शून्य. शून्याला चौकट नव्हती.

माझेही दोन गेले होते. दिवाकरच्या आधी. पहिली मुलगी, पूर्ण दिवसांची, रडलीच नाही. दुसरं मुलगा की मुलगी हे कळण्याइतकं मोठं झालं नव्हतं. सासूनं मोरी धुतली, तूपगूळ दिला आणि मला जे सांगितलं ते आधी सांगितलंच आहे. त्यानंतर मी ते कोणापाशी बोलले नाही. माझ्या नवऱ्यापाशीसुद्धा नाही. तान्हाबाईला शपथ घातली होती. तिनं ती एकदाच मोडली, आणि ती कोणासाठी मोडली, हे मला आता कळलं.

दिवाकरच्या घरचा नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहिलेला आहे. मी फिरवला. कुंदानं उचलला. ती आता मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेली, आवाज मात्र तोच.

"आई, तब्येत बरी आहे ना?"

"बरी हाय. वही सापडली, कुंदा."

पलीकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"दहाव्या डब्यातली?"

"हो."

"आत्ता उघडला?"

"रंगाऱ्यानं उघडून देल्ला."

"तेहतीस वर्षं झाली, आई."

"पाचांत बसते वं," मी म्हटलं. "एक लाख पाच. एकेका ताटात वीस हजार एक. उरत नाही काही."

"बसतं," ती म्हणाली.

"दोघींचे मिळून बसते."

"हो, आई. माझे एकटीचे कशातच बसत नव्हते. पासष्ट वेळा करून पाहिलं. तुमचे दोन घातले आणि पहिल्याच खेपेला बसलं. मी किती वेळ त्या शून्याकडे बघत होते."

मी म्हटलं, "मले तेव्हा समजलं नाही, कुंदा. माह्या डोक्यात आलंच नाही. मले वाटलं, तू मले बायांसमोर गणित शिकवते."

यावर तिनं "जाऊ द्या, आई" म्हणायला हवं होतं. इतकी वर्षं ती तेच म्हणत आली होती. मी वाट पाहिली.

"नाही, आई," ती म्हणाली. रागानं नाही. मुलीला चुकलेलं गणित दाखवावं तशी. "तुम्हाला तेव्हाच समजलं होतं. मी तुमच्या हाताकडे बघत होते."

मग ती म्हणाली, गोळ्या वेळेवर घ्या. मी म्हटलं, घेते.

गणितात ती कधी चुकली नाही. तिनं "तुमच्या दोन" म्हटलं आणि टोपली सरकवली, तेव्हा माझा हात टोपलीत गेला होता. मी पाठवला नव्हता. आपला आपण गेला. चिमटीत कापूस आला होता, अंदाजानं नेमका दोन वातींचा. तेवढा अंदाज लाख वाती वळलेल्या हाताला असतो. मांडीवरचा पदरही मी बाजूला केला होता. तेवढ्यात द्वारकेनं विचारलं, दोनच काहून.

तो कापूस मी परत टोपलीत टाकला.